नेवाळी धावपट्टी

नेवाळी धावपट्टी ही महाराष्ट्रातील ठाणे जिल्ह्यात, अंबरनाथ तालुक्यातील नेवाळी गावाजवळ असलेली आणि आता वापरात नसलेली लष्करी धावपट्टी आहे. कल्याण धावपट्टी किंवा नेवाळी विमानतळ या नावांनीही ती ओळखली जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२-४३च्या सुमारास, ब्रिटिश सरकारने परिसरातील शेतजमिनी ताब्यात घेऊन ती उभारली. युद्ध संपल्यावर तिचा लष्करी उपयोग थांबला. मात्र जमीन सरकारकडेच राहिली. स्वातंत्र्यानंतर ती भारत सरकारच्या संरक्षण मंत्रालयाकडे आली व पुढे नौदलाच्या ताब्यात गेली. या क्षेत्राचे आकारमान सुमारे १,६०० एकर, म्हणजे जवळजवळ ६५० हेक्टर, असे सांगितले जाते.

धावपट्टी म्हणून नेवाळीचे आयुष्य जेमतेम काही वर्षांचे होते. तिच्याखालच्या जमिनीचा वाद मात्र पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. युद्धासाठी घेतलेली जमीन युद्ध संपल्यावर मूळ मालकांना परत मिळावी, अशी शेतकऱ्यांची मागणी आहे; ही जमीन संरक्षण खात्याच्या मालकीची आहे, अशी सरकारची भूमिका आहे. २२ जून २०१७ रोजी या प्रश्नावरून झालेल्या हिंसक आंदोलनामुळे नेवाळीचे नाव देशभर पोहोचले.

स्थान

नेवाळी हे गाव कल्याणहून मलंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. काटई-बदलापूर रस्ता याच भागातून जातो आणि दोन्ही रस्ते जिथे मिळतात तो चौक नेवाळी नाका म्हणून ओळखला जातो. उत्तरेस कल्याण व उल्हासनगर, पूर्वेस अंबरनाथ आणि दक्षिणेस मलंगगडाची डोंगररांग अशी या परिसराची सर्वसाधारण सीमा सांगता येते. भाल, द्वारली, वसार, माणेरे, चिंचपाडा ही आसपासची काही गावे होत.

हा भाग पावसाळी भातशेतीचा आहे. आगरी समाजाची वस्ती येथे मोठी असून भाताचे एक पीक आणि त्यानंतर भाजीपाला किंवा कडधान्य अशी शेतीची जुनी पद्धत आहे. कल्याण-डोंबिवली आणि अंबरनाथ-बदलापूर या वाढत्या नागरी पट्ट्यांच्या मधोमध हे क्षेत्र येत असल्याने गेल्या काही दशकांत येथील जमिनीला मोठी किंमत आली. जुन्या धावपट्टीचे अवशेष उपग्रह छायाचित्रांत आजही ओळखता येतात.

पार्श्वभूमी

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि काही महिन्यांतच युद्धाची आघाडी भारताच्या सीमेला येऊन भिडली. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. मार्च महिन्यात रंगून जपानच्या हाती गेले. एप्रिल १९४२ मध्ये जपानी नौदलाच्या विमानांनी कोलंबो व त्रिंकोमाली या श्रीलंकेतील बंदरांवर हल्ले केले. त्याच आठवड्यात, ६ एप्रिल रोजी, विशाखापट्टणम व काकीनाडा येथेही बॉम्ब पडले.

तोपर्यंत हिंदुस्थानच्या संरक्षणाची सारी आखणी वायव्य सरहद्दीकडे डोळे लावून झालेली होती. देशाच्या इतर भागांत आधुनिक लढाऊ व मालवाहू विमानांना पुरतील अशा धावपट्ट्या मोजक्याच होत्या. त्यामुळे १९४२ पासून देशभर दोनशेहून अधिक धावपट्ट्या बांधण्याचा किंवा वाढवण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. बंगाल, आसाम व ओरिसा येथे प्रत्यक्ष लढाईसाठी तळ उभे राहिले. पश्चिम किनाऱ्यावर मुख्यतः बंदरांचे रक्षण, विमानांची ने-आण, दुरुस्ती आणि प्रशिक्षण यांसाठी.

मुंबई हे या काळात सैन्य आणि युद्धसामग्री उतरवण्याचे भारतातील प्रमुख बंदर होते. जहाजांतून उतरलेल्या सैनिकांना काही दिवस ठेवून पुढे रेल्वेने रवाना करावे लागे. त्यासाठी शहराबाहेर मोकळी जागा आणि रेल्वेची सोय या दोन्ही गोष्टी लागत. कल्याण जंक्शनवरून एक लोहमार्ग इगतपुरीमार्गे उत्तर व पूर्व भारताकडे आणि दुसरा कर्जतमार्गे पुणे व दक्षिणेकडे जातो. यामुळे कल्याणच्या पूर्वेस मोठी लष्करी संक्रमण छावणी उभारण्यात आली. नेवाळीची धावपट्टी याच छावणीच्या दक्षिणेस, डोंगराच्या पायथ्यालगतच्या सपाटीवर तयार झाली. रेल्वे जवळ, छावणी जवळ आणि मुंबई हाकेच्या अंतरावर, असे हे ठिकाण होते.

मुंबई परिसरात त्याआधी जुहू येथे १९२८ मध्ये विमानतळ सुरू झाला होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन आणलेले विमान येथेच उतरले. जुहूची जागा समुद्राला लागून व सखल असल्याने पावसाळ्यात तेथे अडचणी येत. पुढे सांताक्रूझ येथे अधिक मोठा तळ उभारला गेला आणि युद्धकाळात रॉयल एअर फोर्सची अनेक पथके तेथे होती. पुण्याजवळ लोहगाव येथील तळ १९३९ मध्ये स्थापन झाला, तो मुख्यतः मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी. नेवाळी ही या साखळीतील एक दुय्यम कडी होती.

उभारणी आणि जमिनीचा ताबा

युद्धकालीन धावपट्टी म्हणजे केवळ विमान उतरण्याचा पट्टा नव्हे. धावपट्टीला जोडणारे फिरते मार्ग, शत्रूच्या हल्ल्यात एकाच वेळी सारी विमाने नष्ट होऊ नयेत म्हणून दूरदूर केलेले विमानांचे थांबे, इंधन व दारूगोळ्याची कोठारे, सैनिकांच्या बराकी आणि या सर्वांभोवती मोकळी ठेवलेली जागा असा तिचा पसारा असे. एका धावपट्टीसाठी अनेक गावांची जमीन का लागली, हे यावरून ध्यानात येते. नेवाळीसाठी परिसरातील १७ गावांच्या जमिनी गेल्या, असे शेतकऱ्यांचे म्हणणे आहे.

भातशेतीच्या प्रदेशात अशा कामाचा एक परिणाम कायमचा असतो. भाताच्या खाचरांना बांध असतात. पाणी धरून ठेवणे आणि एका खातेदाराचे शेत दुसऱ्यापासून वेगळे दाखवणे, ही दोन्ही कामे बांधच करतो. धावपट्टीसाठी जमीन सपाट करताना बांध मोडावे लागतात, ओहोळ वळवावे लागतात, खडी व मुरूम पसरून माती दाबावी लागते. त्यामुळे ताबा सुटला तरी शेत पूर्ववत करणे सोपे राहत नाही आणि कोणाची हद्द कोठे होती हे जमिनीवरून सांगता येत नाही. ते कागदावरूनच ठरवावे लागते. या वादात जुने सातबारा उतारे, फेरफार नोंदी आणि मोजणी नकाशे यांना एवढे महत्त्व का आले, त्याचे हे एक कारण आहे.

युद्धकाळात मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार सरकारला भारत संरक्षण कायदा, १९३९ आणि त्याखालील नियमांनी दिला होता. त्यांतील नियम ७५-अ अन्वये सरकार कोणतीही स्थावर किंवा जंगम मालमत्ता आदेशाने अधिग्रहित करू शकत असे. नुकसानभरपाईची तरतूद होती. परंतु ताबा आधी आणि मोबदला नंतर असा क्रम होता.

युद्धानंतरचा काळ

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली आणि देशभरातील बहुसंख्य युद्धकालीन धावपट्ट्यांची गरज संपली. भारत संरक्षण कायद्याची मुदतही युद्धाशी बांधलेली होती. ती संपताच अधिग्रहित जमिनींवरील सरकारचा ताबा निराधार ठरू नये म्हणून अधिग्रहित जमीन (अधिकार चालू ठेवणे) कायदा, १९४७ करण्यात आला. त्यानंतर स्थावर मालमत्ता अधिग्रहण व संपादन कायदा, १९५२ हा केंद्रीय कायदा आला आणि युद्धकाळापासून सरकारकडे असलेल्या मालमत्तांपैकी ज्या अद्याप सोडल्या नव्हत्या, त्यांचा प्रश्न या कायद्याच्या चौकटीत आला.

नेवाळीत या काळात कागद आणि वहिवाट यांची फारकत झाली. जमीन संरक्षण खात्याकडे होती. परंतु लष्करी उपयोग नसल्याने आणि बराच काळ क्षेत्राला पक्के कुंपण नसल्याने आसपासचे शेतकरी तेथे भात पेरत राहिले. एकाच जमिनीला दोन पिढ्यांनी वाडवडिलांची शेती मानले आणि सरकारी दप्तराने संरक्षण खात्याची मालमत्ता मानले.

याच दशकात महाराष्ट्रातील शेतजमिनीच्या मालकीत मोठा बदल झाला. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८ आणि त्यातील १९५६च्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला व कसणाऱ्या कुळांना जमीन विकत घेतल्याचा हक्क मिळाला. सरकारच्या मालकीच्या जमिनींना मात्र या कायद्याच्या महत्त्वाच्या तरतुदी कलम ८८ अन्वये लागू होत नाहीत. त्यामुळे सरकारी समजल्या जाणाऱ्या जमिनीवरील वहिवाटदाराला, शेजारच्या खासगी जमिनीवरील कुळाला मिळालेला मार्ग खुला नव्हता.

अधिग्रहण आणि संपादन

नेवाळीचा वाद समजून घेण्यासाठी दोन कायदेशीर संज्ञांतील फरक लक्षात घ्यावा लागतो. बोलण्यात ‘सरकारने जमीन घेतली’ असे एकच वाक्य वापरले जाते. कायद्यात मात्र घेण्याचे दोन प्रकार आहेत.

अधिग्रहण म्हणजे ठरावीक गरजेपुरता तात्पुरता ताबा. मालकी मूळ मालकाकडेच राहते. सरकार वापरापोटी मोबदला देते आणि गरज संपल्यावर मालमत्ता शक्यतो पूर्वीच्या स्थितीत परत करणे अपेक्षित असते. संपादन म्हणजे मालकीच सरकारकडे जाणे. त्यासाठी अधिसूचना, हरकतींची सुनावणी, मोबदल्याचा निवाडा आणि ताबा अशी कार्यपद्धती असते. १८९४च्या भूसंपादन कायद्याखाली ती दीर्घकाळ चालली. २०१३ मध्ये नवा कायदा त्याच्या जागी आला.

१९५२च्या कायद्याने या दोहोंना जोडणारा पूल घातला. त्याच्या कलम ६ मध्ये मालमत्ता अधिग्रहणातून मुक्त करण्याची तरतूद आहे. कलम ७ नुसार अधिग्रहित मालमत्तेचे पुढे संपादनही करता येते. परंतु ते दोनच परिस्थितींत. सरकारी खर्चाने तेथे काही बांधकाम झाले असेल आणि त्याचा उपयोग टिकवणे आवश्यक असेल, ही पहिली. मालमत्ता पूर्ववत करण्याचा खर्च अवाजवी असेल आणि मालक ती आहे त्या स्थितीत भरपाईविना परत घेण्यास तयार नसेल, ही दुसरी. बांध मोडून सपाट केलेल्या शेतजमिनीच्या बाबतीत या अटींचे महत्त्व उघड आहे.

या कायद्यात मूळ स्वरूपात कालमर्यादा नव्हती. १९७० मध्ये ती घालण्यात आली आणि नंतर वेळोवेळी वाढवण्यात आली. अखेर १० मार्च १९८७ रोजी अधिग्रहण चालू ठेवण्याची मुदत संपली. त्यानंतर केवळ अधिग्रहणाच्या आधारावर ताबा ठेवता येत नाही. संपादन झालेले असणे आवश्यक ठरते.

सर्वोच्च न्यायालयानेही हे तत्त्व मांडले आहे. एच. डी. व्होरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४च्या निकालात, मुंबईतील एका सदनिकेच्या संदर्भात, अधिग्रहण हे स्वभावतःच तात्पुरते असते व ते अनिश्चित काळ चालू ठेवणे म्हणजे संपादनाची प्रक्रिया टाळून संपादन करणे होय, असे न्यायालयाने म्हटले. १९९४ मध्ये ग्राहक संस्था मंच प्रकरणात घटनापीठाने अधिग्रहण कायमचे असू शकत नाही ही भूमिका मान्य केली. त्याचबरोबर त्यासाठी सर्वत्र लागू पडेल अशी ठरावीक वर्षांची मर्यादा घालता येत नाही, असेही स्पष्ट केले.

दोन्ही बाजू

शेतकऱ्यांच्या मागणीचा गाभा असा आहे: जमीन युद्धाच्या निकडीपोटी आणि तात्पुरती घेतली गेली, युद्धानंतर ती परत मिळायला हवी होती, तसे न होता ती सरकारच्या नावावर राहिली. प्रत्यक्ष वहिवाट आपलीच असून आपल्या पूर्वजांना योग्य मोबदला मिळाला नाही, असे ते सांगतात. एकीकडे नागरीकरणाने उरलेली शेती आक्रसत असताना ही जमीन त्यांच्या उपजीविकेचा आधार ठरते.

संरक्षण खात्याच्या दृष्टीने ही जमीन अभिलेखानुसार सरकारची आहे आणि तिच्यावरील शेती किंवा बांधकामे ही अतिक्रमणे आहेत. देशभरातील संरक्षण जमिनींची मोजणी २०२२ मध्ये पूर्ण झाल्याचे मंत्रालयाने जाहीर केले, तेव्हा त्यांचे एकूण क्षेत्र १७.७८ लाख एकर असल्याचे सांगण्यात आले. त्यांपैकी सुमारे १६.१७ लाख एकर जमीन छावण्यांच्या हद्दीबाहेर आहे. नेवाळीसारखी क्षेत्रे या दुसऱ्या प्रकारात मोडतात. महानगरांच्या कडेला असलेली अशी मोकळी जमीन अनधिकृत चाळी आणि जमीन-दलालांच्या व्यवहारांपासून वाचवायची असेल, तर कुंपण घालणे हाच उपाय आहे, असा खात्याचा युक्तिवाद असतो. कल्याण परिसरातील अनधिकृत बांधकामांचा इतिहास पाहता ही भीती निराधार म्हणता येत नाही. मात्र जमीन अतिक्रमणापासून वाचवणे आणि ती मुळात कोणाची हे ठरवणे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. नेवाळीत ते एकमेकांत मिसळले गेले.

२०१७चे आंदोलन

२०१७ मध्ये नौदलाने या क्षेत्राभोवती संरक्षक भिंत बांधण्याचे काम हाती घेतले. भिंत पूर्ण झाल्यास शेतात जाण्याचा मार्ग कायमचा बंद होईल, अशी भीती गावकऱ्यांना वाटू लागली. काम सुरू असतानाच पावसाळा तोंडावर आला. भाताच्या पेरणीचे दिवस हुकले की वर्षाचे पीक गेले, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्यामुळे विरोध जून महिन्यात टोकाला पोहोचला.

गुरुवार, २२ जून २०१७ रोजी सकाळी शेतकरी रस्त्यावर उतरले. नेवाळी परिसरात टायर पेटवून रस्ते अडवण्यात आले आणि कल्याण-मलंगगड रस्ता तसेच बदलापूरकडे जाणारी वाहतूक ठप्प झाली. जमाव व पोलीस यांच्यात संघर्ष झाला. दगडफेक झाली, पोलिसांची वाहने जाळण्यात आली; पोलिसांनी बळाचा वापर केला आणि त्यात छर्‍यांच्या बंदुकाही वापरल्या गेल्या. पोलीस आणि आंदोलक अशा दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. त्यानंतर ग्रामस्थांवर गुन्हे दाखल झाले व अटका झाल्या. हे गुन्हे मागे घ्यावेत ही मागणीही पुढे मूळ मागणीला जोडली गेली.

या घटनेनंतर सर्व पक्षांच्या स्थानिक लोकप्रतिनिधींनी हा विषय राज्य आणि केंद्र सरकारपुढे मांडला. त्यातील मुख्य अडचण प्रशासकीय स्वरूपाची होती. जमिनीचे अभिलेख आणि महसूल यंत्रणा राज्य सरकारकडे, जमिनीचा ताबा केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाकडे आणि कायदा व सुव्यवस्था पुन्हा राज्याकडे, अशी जबाबदारी विभागलेली असल्याने कोणत्याही एका कार्यालयात हा प्रश्न सुटण्याजोगा नव्हता.

विमानतळाचा प्रस्ताव

मुंबईसाठी दुसऱ्या विमानतळाची चर्चा सुरू झाल्यावर नेवाळीचे नाव वेळोवेळी पुढे आले. नवी मुंबईतील नियोजित विमानतळाच्या जागेत कांदळवने होती आणि उलवे व गाढी या नद्यांच्या प्रवाहांचा प्रश्न होता. त्यामुळे पर्यावरणविषयक परवानगी २०१० पर्यंत रखडली. त्या काळात पर्यायी जागा म्हणून कल्याणजवळील या जुन्या धावपट्टीचा विचार व्हावा, असा मुद्दा मांडला गेला. नोव्हेंबर २०१० मध्ये नवी मुंबईच्या जागेला परवानगी मिळाली आणि नेवाळीचा पर्याय मागे पडला.

आकाराच्या दृष्टीनेही तुलना बोलकी आहे. नवी मुंबई विमानतळाचे क्षेत्र सुमारे १,१६० हेक्टर आहे. नेवाळीचे त्याच्या जवळपास निम्म्याहून थोडे अधिक. एका बाजूला डोंगररांग व दुसऱ्या बाजूला दाट वस्ती असल्याने येथे मोठ्या विमानतळासाठी विस्ताराला मर्यादा पडतात. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. तरीही छोटा विमानतळ, प्रशिक्षण केंद्र किंवा अन्य सार्वजनिक प्रकल्प यांच्या संदर्भात नेवाळीचा उल्लेख होतो, तेव्हा शेतकऱ्यांचा पहिला प्रश्न प्रकल्प कोणता हा नसून जमीन कोणाची हा असतो.

समकालीन तळांचे भवितव्य

युद्धासाठी एकाच काळात घेतलेल्या जमिनींचे भवितव्य वेगवेगळे झाले. ठाणे-मुंबई परिसरातच त्याची ठळक उदाहरणे आढळतात.

कल्याणची संक्रमण छावणी: नेवाळीच्या उत्तरेस असलेल्या या छावणीत दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. युद्धानंतर त्या रिकाम्या पडल्या आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय तेथे करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. शहराचे भाग आजही ‘कॅम्प नंबर एक’ ते ‘कॅम्प नंबर पाच’ असेच ओळखले जातात.

सांताक्रूझ: रॉयल एअर फोर्सने १९४६ मध्ये हा तळ नागरी विमान वाहतूक खात्याकडे सोपवण्यास सुरुवात केली. हवाई दलाच्या दोन जुन्या हँगरांचे रूपांतर प्रवासी इमारतींत करण्यात आले. फाळणीमुळे कराची पाकिस्तानात गेल्यावर मुंबईचे महत्त्व वाढले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाच्या ‘मलबार प्रिन्सेस’ विमानाने येथूनच कैरो व जिनिव्हामार्गे लंडनकडे पहिले उड्डाण केले. १९५८ मध्ये नवी प्रवासी इमारत सुरू झाली. आजचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ हा याच तळाचा विस्तार होय.

लोहगाव: हा तळ भारतीय वायुसेनेकडे आला आणि लष्करी तळ म्हणूनच चालू राहिला. त्याच धावपट्टीवरून पुण्याची नागरी विमान वाहतूकही होते.

या तिन्ही ठिकाणी युद्ध संपल्यावर जमिनीला लगेच नवे प्रयोजन मिळाले: निर्वासितांचे शहर, नागरी विमानतळ, वायुसेनेचा तळ. नेवाळीला असे प्रयोजन मिळाले नाही. जमीन ना पूर्णपणे वापरात आली, ना परत गेली. वाद धुमसत राहण्याचे मूळ या मधल्या अवस्थेत आहे.

तत्सम प्रकरणे

युद्धासाठी घेतलेली जमीन परत करण्याचा प्रश्न खुद्द ब्रिटनमध्येही उद्भवला होता. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील क्रिचेल डाउन येथील ७२५ एकर जमीन ब्रिटिश हवाई मंत्रालयाने युद्धाच्या तोंडावर बॉम्बफेकीच्या सरावासाठी सक्तीने विकत घेतली. युद्धानंतर ती मूळ मालकांना परत न देता कृषी मंत्रालयाकडे सोपवण्यात आली. मालक कुटुंबाने या निर्णयाला आव्हान दिले, चौकशी झाली आणि जुलै १९५४ मध्ये कृषिमंत्री सर टॉमस डग्डेल यांना राजीनामा द्यावा लागला. सक्तीने घेतलेली जमीन सरकारला नको झाली तर ती सर्वप्रथम मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसाला देऊ करावी, हा तेथील प्रघात ‘क्रिचेल डाउन नियम’ या नावाने ओळखला जातो. तेथे जमीन रीतसर विकत घेतलेली असतानाही परतीचे तत्त्व मान्य झाले, हे विशेष.

भारतात २०१३च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १०१ मध्ये याच धर्तीची तरतूद आहे. या कायद्याखाली घेतलेली जमीन ताब्यानंतर पाच वर्षे विनावापर राहिल्यास ती मूळ मालकांना, त्यांच्या वारसांना किंवा सरकारच्या भूमी-पेढीला द्यावी लागते. जुन्या काळातील अधिग्रहणांना ती थेट लागू होत नाही.

नेवाळीशी अधिक जवळचे प्रकरण बंगळुरूचे आहे. बैयप्पनहळ्ळी येथील काही जमीन १९६३ मध्ये संरक्षण प्रयोजनासाठी अधिग्रहित करण्यात आली होती. १९८७ मध्ये कायद्याची मुदत संपल्यावरही ताबा सुटला नाही. बी. के. रविचंद्र विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर २०२० रोजी ही जमीन तीन महिन्यांत मालकांना परत करण्याचा आदेश दिला. मालमत्तेचा हक्क आज मूलभूत हक्क नसला तरी राज्यघटनेच्या अनुच्छेद ३००-अ नुसार कायद्याच्या आधाराविना कोणाचीही मालमत्ता हिरावता येत नाही, हा या निकालाचा पाया होता. तेथे जमीन सुमारे चार एकर होती, मालकी कागदोपत्री सिद्ध होती आणि संपादन पूर्ण झालेले नव्हते. नेवाळीच्या प्रत्येक गटाबाबत हेच तीन प्रश्न विचारावे लागतात: मूळ खातेदार कोण, ताबा अधिग्रहणाचा की संपादनाचा, आणि मोबदल्याचा निवाडा झाला होता का. एका गटाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

महत्त्व

दुसऱ्या महायुद्धाचा भारतातील इतिहास बहुधा इंफाळ-कोहिमाच्या लढाया, आझाद हिंद सेना आणि बंगालचा दुष्काळ यांच्या संदर्भात सांगितला जातो. कोकणपट्टीवर एकही लढाई झाली नाही. तरी युद्धाने येथील भूगोल बदलला. एक छावणी शहर झाली, एक तळ देशातील प्रमुख विमानतळांपैकी एक झाला आणि एका धावपट्टीखाली गेलेल्या शेतांचा हिशेब अपुरा राहिला. नेवाळी धावपट्टीचे महत्त्व तेथून उडालेल्या विमानांपेक्षा या अपुऱ्या हिशेबात अधिक आहे. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांना आणि विद्यार्थ्यांना जुने मोजणी नकाशे, फेरफार नोंदवह्या आणि गावांतील वृद्धांच्या आठवणी एकत्र ठेवून युद्धकाळाचा अभ्यास करण्यासाठी हे ठिकाण विशेष उपयुक्त आहे.